घरातल्या वस्तूंनी गणित : पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी (घरशाळा, सोलापूर)

जुळे_सोलापूर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या जूनपासून आम्ही मुलीला घरीच शिकवतोय. आता ती सहाची होईल. बालवाडीतून आली तेव्हा शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची, पाटीवर लिहायचीही. आम्ही खूश होतो. मग एकदा घरी पाहुणे जेवायला होते, मी म्हटलं, "बाळा, सात चमचे आण बघू." तिने मूठभर चमचे आणले. मोजायला सांगितल्यावर चमच्यांवरून बोट फिरवत ती बारापर्यंत गेली. चमचे होते नऊ. तोंड एका वेगाने चाललं होतं आणि बोट दुसऱ्याच. "मग किती झाले?" विचारलं तर परत एकपासून सुरू. "किती" या शब्दाला उत्तर असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. वर्षभर ती आकड्यांचं गाणं म्हणत होती.

त्या दिवसापासून वही बंद ठेवली आणि स्वयंपाकघरातून सुरुवात केली. काय केलं ते लिहिते. शेवटी तीन अडचणी आहेत, त्यावर मदत हवी आहे.

पहिला महिना मोजणं नव्हतंच. फक्त जोड्या. जेवायच्या आधी प्रत्येक ताटाला एक वाटी, प्रत्येक वाटीला एक चमचा. वाटी उरली की "कुणाची राहिली?" आणि कमी पडली की "कुणाला नाही मिळाली?" यातून तिला "जास्त" आणि "कमी" आकड्यांशिवाय कळलं.

मग शेंगा. आपल्याकडे चटणीसाठी शेंगा घरात असतातच. न फोडलेली शेंग छोट्या हातात नीट बसते आणि घरंगळत नाही. हरभरे आणि वाटाणे मी आधी घेतले होते, ते ताटातून पळायचे आणि मोजणं बाजूलाच राहायचं. दोन पराती ठेवल्या. डावीकडे सगळ्या शेंगा, उजवीकडची परात रिकामी. एक शेंग उचलायची, उजवीकडे ठेवायची, ठेवतानाच आकडा म्हणायचा. शेंग परातीला टेकल्याचा आवाज आणि आकडा एकदमच यायला हवा. शेवटी मी उजव्या परातीवर दोन्ही हात झाकायची आणि विचारायची, "इथे किती आहेत?" पहिले आठ-दहा दिवस ती माझे हात बाजूला करून परत मोजायला लागायची. एके दिवशी सकाळी हात न काढता म्हणाली, "अकरा." मी कढईतली फोडणी करपू दिली पण तिथून उठले नाही.

तिसरी गोष्ट खराट्याच्या काड्या. घरशाळेचा प्रत्येक दिवस म्हणजे एक काडी. सकाळी आंघोळ झाली की ती एक काडी डब्यात टाकते. दहा सुट्या काड्या झाल्या की त्यांची जुडी बांधायची. धागा म्हणून चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत आहे, यांच्या ओळखीतून रंगीत गुंडाळ्या मिळाल्या. आज एकशे बेचाळीसावा दिवस आहे. एक मोठा गठ्ठा, चार जुड्या, दोन सुट्या.

चौथी, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. तीस अंड्यांचा असतो, पाच गुणिले सहा. त्यातून दोन ओळी कापल्या की पाच आणि पाच, दहा खड्ड्यांची चौकट मिळते. सहा चिंचोके टाकले की पाच भरलेली ओळ आणि वर एक, हे न मोजता दिसतं. चार खड्डे रिकामे दिसतात, म्हणून सहाला दहा व्हायला चार हवेत हेही दिसतं. सगळ्या वस्तूंत माझा जीव यावर आहे. एका ट्रेमधून अशा तीन चौकटी निघतात.

आता अडचणी. एक, ३२ मधून ७ वजा करायला सांगितलं की ती अडते. दोन, एकोणतीस, एकोणचाळीस यांत कायम घोटाळा. तीन, घरातले म्हणतात की वस्तूंची सवय लागली तर पुढे डोक्यात हिशेब येणारच नाही. वस्तू कधी काढून घ्यायच्या?


निवृत्त_बाई | रविवार, रात्री १०:२५

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली, म्हणून लिहिते. चमच्यांचा प्रसंग वाचून मला माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आठवली. आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळ्या ढिगाची संख्या, हे तिसरंच काहीतरी. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हे टप्पे नीट मांडून दाखवले. तुम्ही परातीवर हात झाकलेत ना, तो नेमका या तिसऱ्या गोष्टीचा प्रश्न होता. पुस्तक न वाचता सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

एक तपासणी घरी करून बघा. सात शेंगांची एक ओळ, समोर सात शेंगांची दुसरी. दोन्ही सारख्या आहेत हे तिच्याकडून वदवून घ्या. मग तिच्या डोळ्यांदेखत एका ओळीतल्या शेंगा लांब लांब पसरा आणि विचारा, आता कुठे जास्त? या वयाची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हे जगाला दाखवलं. मूल चुकलं तर रागावू नका, बरोबर उत्तरही सांगू नका. "बघू या का मोजून?" एवढंच. महिन्याभराने परत करा.

तुमच्या वजाबाकीबद्दल. ३२ मधून ७. तीन जुड्या, दोन सुट्या. तिला सात सुट्या हव्यात, आहेत दोनच. इथे आपण मोठी माणसं घाईने म्हणतो, "शेजारून एक दशक उसनं घे." मुलाला वाटतं, उसनं म्हणजे परत द्यायचं. परत तर आपण देत नाही! माझ्या वर्गात एका मुलाने मला हेच विचारलं होतं. तेव्हापासून मी "उसनं" हा शब्द सोडला. "जुडी सोड" म्हणायचे. तीन जुड्यांतली एक सुटली, दहा सुट्या झाल्या, आधीच्या दोन मिळून बारा. सात काढल्या, पाच उरल्या. दोन जुड्या, पाच सुट्या. पंचवीस. गाठ तिनेच सोडायला हवी. तुमच्या सुताच्या गाठी पक्क्या असतील तर सुरगाठ मारायला शिकवा, किंवा रबर लावा. तुमची मुलगी अडते याचं कारण हेच असू शकतं की जुडी सोडायची परवानगी आहे हे तिला माहीतच नाही. त्या जुड्या तिच्यासाठी शाळेचे दिवस आहेत, जपून ठेवलेले. वजाबाकीसाठी वेगळ्या काड्या ठेवा.

आणि सगळ्यांसाठी एक. घरच्या वस्तूंनी शिकवणं ही पैसे नसल्याची तडजोड समजू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची साधनं महाग, खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी तीच तत्त्वं ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड घेतले. आपल्या मराठी बालशिक्षणाचा पायाच त्या साधनांवर आहे.


विजापूर_रोड | रविवार, रात्री ११:०२

मी जरा वेगळा अनुभव लिहितो, विरोध म्हणून नाही. माझा मुलगा सात वर्षांचा. मी त्याला नाण्यांनी शिकवायला गेलो. एक, दोन, पाच, दहाची नाणी. सगळं फसलं. पाचचं नाणं आणि पाच एकची नाणी यांत त्याला काही नातं दिसेना. दिसणार तरी कसं, पाचच्या नाण्यात पाच गोष्टी कुठेच नाहीत. एकीकडे एक नाणं, दुसरीकडे पाच, तो दरवेळी पाच नाण्यांचा ढीग घ्यायचा आणि आपण जिंकलो म्हणायचा.

नंतर मुलीच्या लग्नातल्या रुखवतासारख्या सजवलेल्या वस्तूही आणून पाहिल्या, लाकडी फळं, छोट्या गाड्या. तो त्यांच्याशी खेळत बसला. अशा खूप खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, रंगीत वस्तू मुलांचं लक्ष वस्तूकडेच खेचतात आणि संख्येकडे जाऊ देत नाहीत, हे या विषयात काम करणाऱ्या संशोधकांनीही दाखवलं आहे. म्हणून माझं मत, वस्तू जितकी साधी, एकसारखी, कंटाळवाणी तितकी चांगली. काडी उत्तम. चिंचोका उत्तम.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कधी काढून घ्यायच्या. मी एकदम काढून घेतल्या आणि पस्तावलो. दोन आठवडे तो बोटंही लपवून मोजायचा, मला दिसू नयेत म्हणून टेबलाखाली. ते बघून वाईट वाटलं.


निवृत्त_बाई | सोमवार, सकाळी ७:१०

@विजापूर_रोड, टेबलाखालची बोटं वाचून मलाही वाईट वाटलं. बोटं ही आपली पहिली पाटी आहे, ती लपवावी लागू नयेत.

एकदम काढायच्या नसतात. मधे एक पायरी असते, चित्राची. आधी काड्यांनी करा. मग काड्या डब्यातच, पण मुलाने कागदावर जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब काढायचं. जुडी सोडली की रेघ खोडून दहा टिंबं. मग फक्त आकडे. अडलं तर परत रेघ-टिंबं, त्यानेही अडलं तर परत डबा उघडायचा. हातानं, मग चित्रानं, मग चिन्हानं, असा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी सांगितला आणि सिंगापूरच्या शाळांनी गणितासाठी तोच धरला. माझ्या अनुभवात मुलं डबा आपणहून सोडतात. काडी उचलायला वेळ लागतो, डोक्यात लवकर होतं, हे त्यांना कळलं की ती स्वतःच म्हणतात "बाई, नको काड्या."

नाण्यांचंही तसंच. जुड्या बांधून-सोडून पक्कं झालं, की दहाचं नाणं म्हणजे "बांधलेली जुडी, जिची गाठ दिसत नाही" असं सांगा. सातव्या वर्षी आणा, पाचव्या नको.


पूर्व_भाग | सोमवार, दुपारी १:३०

एकोणतीसवर मी लिहिते, कारण ही माझ्या घरातली गोष्ट आहे. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. माझा मुलगा अव्वाजवळ, म्हणजे आजीजवळ, तेलुगूत मोजायचा आणि माझ्याजवळ मराठीत. तेलुगूत एकवीस म्हणजे "इरवै ओकटि", वीस-एक. एकोणतीस म्हणजे "इरवै तोम्मिदि", वीस-नऊ. जसं लिहितो तसंच बोलतो. मराठीत एकवीस, आधी एक मग वीस. आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, शब्दात नऊ कुठेच नाही, वीसही नाही! मूल "एकोणतीस" ऐकून ३९ लिहितं, कारण त्याच्या कानावर "तीस" पडतं. यात मुलाची चूक काय?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "साठ तीन" अशी वाचायची पद्धत आली होती, आठवतंय का? केवढा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीत होत्या आणि त्यांनी समजावून सांगितलं की जोडाक्षरांचे, उलट क्रमाचे संख्याशब्द मुलांना अवघड जातात, दाक्षिणात्य भाषांत हे सोपं आहे. मराठीचं काय होणार म्हणून लोक चिडले होते. मी त्या वेळी गप्प होते, पण मनात म्हणत होते, आमच्या अशोक चौकात येऊन बघा, आमची पोरं रोज दोन्ही करतात.

आम्ही घरी असं केलं. काड्यांच्या दोन जुड्या, नऊ सुट्या ठेवायच्या. पहिल्यांदा "वीस नऊ" म्हणायचं. मग एक काडी शेजारी आडवी ठेवायची, "ही आली असती तर?" तीस झाले असते. एक उणी आहे म्हणून एकोणतीस. उणा हा शब्द मुलांना माहीत नसतो, तो आधी शिकवा. "वरणात मीठ उणं आहे" असं चार दिवस घरात बोला. असे "एकोण"चे शब्द नऊ, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत… नाही, आठच, मी मोजून पाहिलं. नव्व्याण्णव मात्र सरळ नऊनेच सुरू होतं. नव्याण्णवला मुलगा म्हणाला, "हा नियम मोडला." मला त्याचा अभिमान वाटला.

अव्वाची एक गोष्ट सांगते. ती चाळीस वर्षं विड्या वळायची. मजुरी हजारावर. पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्या झाल्या की हजार. शाळेत गेलेली नाही, पण "अजून सहा जुड्या राहिल्या" म्हणजे दीडशे विड्या, हे ती वळता वळता सांगायची. पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर, सव्वाशे, तिच्या बोटांत बसलेलं. तंबाखू मुलांच्या हाताला लागू नये म्हणून आम्ही तोच हिशेब झाडूच्या काड्यांनी करतो. अव्वा शिकवते. चष्मा लावून, पाय पसरून, सूप मांडीवर घेऊन बसते. सुपात आता काड्या.


दोन_लेकरं | सोमवार, दुपारी ३:१५

फार चांगला धागा. एक काळजीची गोष्ट. धाकटं तीन वर्षांच्या आतलं असेल तर चिंचोके, शेंगदाणे, हरभरे जमिनीवर नकोत. आमच्या धाकट्याने चवळीचा दाणा नाकात घातला होता. घाईने काढायला गेलो तसा तो आत गेला, रात्री डॉक्टरांकडे न्यावं लागलं. दाणा ओला होऊन फुगतो. आता मोठ्याचं गणित टेबलावर, धाकटा झोपल्यावर. धाकट्याला मोठ्या वस्तू, स्टीलच्या वाट्या, बटाटे, बांगड्या किंवा कपड्यांचे चिमटे. शेंगदाणा तर घशात अडकण्यात पुढे, म्हणून लहानांना सोललेले दाणे देऊच नका.

काडेपेटीच्या काड्या वापरत असाल तर गुल काढून टाका.


बाळीवेस | सोमवार, रात्री ८:५०

सगळे मोजण्यावर बोलताय, मी मापावर लिहितो. माझी आई, आम्ही तिला अव्वाच म्हणतो, तिच्याकडे जुनं पितळी मापटं आणि चिपटं आहे. ज्वारी मोजायचं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. बघा, शेरापर्यंत दरवेळी दुप्पट! नातवाला अर्धा, पाव हे शब्द शिकवायच्या आधी अव्वाने त्याला ज्वारी भरायला बसवलं. "काय करूलालास?" विचारलं तर म्हणतो, "शेरात मापटं दोनदा मावतंय का बघूलालोय." पायलीत चिपटी किती, हे त्याने अर्धा तास घालवून काढलं. सोळा. मधेच एकदा सतरा आली, कारण चिपटं काठोकाठ भरलं नव्हतं. अव्वाने चिपटं ढीग होईपर्यंत भरून हाताने वरचा ढीग सपाट करायला दाखवलं. माप म्हणजे काय हे त्याला त्या सपाट करण्यात कळलं, असं मला वाटतं.

ज्यांच्याकडे जुनी मापं नाहीत त्यांनी पाणी येण्याच्या दिवशी करा. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, तो दिवस तसाही घरातल्या सगळ्यांचा. तांब्या, कळशी, बादली, पिंप. "बादलीत किती तांबे?" आधी अंदाज सांगायचा, मग ओतायचं, मग तोच अंदाज कळशीला. थेंब वाया जाऊ द्यायचा नाही हेही त्यातच.

अपूर्णांकासाठी भाकरी वापरणाऱ्यांना एक सूचना. कडक भाकरी घेऊ नका. ती जिथे मोडायची तिथे मोडते, चार तुकडे चार आकाराचे होतात, आणि मुलाच्या डोक्यात पाव म्हणजे "एक तुकडा" असं बसतं. ताजी पोळी घ्या, घडी घाला, परत घडी घाला, उलगडा, घडीवर फाडा. किंवा टॉवेल. आपल्याकडे टॉवेलला तोटा नाही. अर्धा, पाव, आठवा भाग, घडी उलगडली की सगळ्या रेषा दिसतात आणि परत घालता येतात.

चादरही सोडू नका. आमच्या चादरीवर फुलांची नक्षी आहे, आडव्या ओळी आणि उभ्या ओळी. नातू पाचच्या पाढ्यासाठी चादरीवर आडवा पडतो आणि बोट ठेवत जातो. मधोमध घडी घातली की डावीकडचं फूल उजवीकडच्या फुलावर बरोबर बसतं. मागावर नक्षी कशी येते ते एकदा अक्कलकोट रोडला ओळखीच्या कारखान्यात नेऊन दाखवलं. नक्षी ठरवणाऱ्या पंचिंगच्या पुठ्ठ्यांवरची भोकं बघून तो अर्धा तास हलला नाही.


चिंचोका | सोमवार, रात्री १०:१५

अष्टा-चम्मा कुणीच लिहिलं नाही! कानडी घरांत चौकाबारा म्हणतात. पाच बाय पाच घरं खडूने आखायची. चार कवड्या, किंवा चिंचोके फोडून एक बाजू पांढरी करून घ्या. जितक्या पांढऱ्या वर तितकी घरं, चारही पांढऱ्या म्हणजे चम्मा चार, एकही नाही म्हणजे अष्टा आठ. मूल चार चिंचोक्यांकडे बघून न मोजता "तीन" म्हणायला लागतं, आणि "घरी पोचायला किती हवेत" हा बेरीज-वजाबाकीचा प्रश्न ते जिंकण्यासाठी स्वतः सोडवतं. आमच्या घरी उन्हाळ्यात दुपारी ऊन चाळिशीच्या वर जातं, बाहेर खेळता येत नाही, तेव्हा हाच खेळ. मुलगी आता पाच मिनिटांत सगळ्या वाटा मोजते.


पंढरपूर_रोड | मंगळवार, सकाळी ९:०५

आम्ही पण घरशाळेचा विचार करतोय. कायद्याचं काय? दहावी कशी द्यायची?


विजापूर_रोड | मंगळवार, सकाळी ९:४८

थोडक्यात, कारण धागा वेगळा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, त्यात घरशाळेचा उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देता येते, १४ वर्षं पूर्ण लागतात. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. नियम त्यांच्याकडूनच नीट विचारून घ्या. आणि शाळेतल्या गणिताशी तुलना करायची असेल तर केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं बघा. २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि संख्याज्ञान यावं म्हणून. एनसीईआरटीने २०२३ मध्ये जादुई पिटारा काढला, त्यातही खेळणी, कोडी, कार्डं अशीच साधनं आहेत.


निवृत्त_बाई | मंगळवार, सकाळी १०:३०

@बाळीवेस, चिपटं-मापटं वाचून माझ्या सासूबाईंची आठवण आली. पावकी-निमकी-दिडकी-औटकी त्यांना तोंडपाठ होती, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पाठ होती, पण त्यांच्या हातात मापही होतं, म्हणून ती पाठांतरं पोकळ नव्हती. आजच्या पाढ्यांना फक्त पाठ उरलं आहे, माप गेलं.

एक लांबीचं राहिलं. खराट्याची एक जाडसर काडी घ्या, एक सेंटिमीटर ते दहा सेंटिमीटर असे तुकडे करा, प्रत्येक लांबीला एकेक रंग. बेल्जियमच्या जॉर्ज कुइझनेर नावाच्या शिक्षकाने अशाच रंगीत कांड्या केल्या होत्या. तीनच्या काडीपुढे सातची काडी जोडली की दहाच्या काडीबरोबर टोकाला टोक मिळतं. इथे मोजायचंच नसतं, बघायचं असतं. टोकं घासून गुळगुळीत करा, नाहीतर कुसळ शिरतं.


पूर्व_भाग | मंगळवार, दुपारी १२:१०

अव्वाला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या बाईंना सांग, जुडी बांधताना आधी काड्यांची टोकं जमिनीवर आपटून सारखी करायची. मोजायच्या आधीच हाताला कळतं एखादी कमी आहे का.


जुळे_सोलापूर | गुरुवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस करून बघितलं, म्हणून आज लिहिते.

निवृत्त बाई, तुमचं अगदी खरं निघालं. मी तिला विचारलं, "जुडी का सोडली नाहीस?" तर म्हणाली, "ते दिवस आहेत ना, मोडले तर?" मी इतके महिने ते बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर नवा खराटा फोडला, नव्या काड्या कापल्या, त्यांना पांढरं सूत, दिवसांच्या जुड्यांना लाल सूत. पांढरं सोडायचं, लाल सोडायचं नाही. पूर्व भागच्या अव्वांनी सांगितल्याप्रमाणे टोकं आपटून. तो आवाज तिला इतका आवडला की दहा झाल्या तरी आपटतच होती.

३२ मधून ७. तिने दोन सुट्या उचलल्या, थांबली, माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. पांढऱ्या सुताची सुरगाठ दातांनी ओढली. काड्या परातीत सांडल्या. पाच अजून काढल्या, उरलेल्या पाच मोजल्याच नाहीत, अंड्यांच्या चौकटीत टाकून एक ओळ भरली आणि म्हणाली, "पंचवीस."

चाचणीत मात्र लांब ओळीकडे बोट दाखवलं. ठीक आहे, महिन्याने परत. एकोणतीससाठी घरात "उणा" सुरू केलाय, तिचे बाबा आज चहाला "साखर उणी" म्हणाले तर ती आतून ओरडली, "किती उणी?"

सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या, शहरातल्या अडुसष्ट लिंगांची यादी आजोबांकडून घेतली आहे. त्यांच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत घरातल्या काड्यांनी सहा जुड्या आणि आठ सुट्या करायच्या, आणि शहरात जिथे जिथे लिंगाचं दर्शन होईल तिथून आल्यावर एक काडी बाजूला ठेवायची, असं तिनेच ठरवलं. आज दोन काड्या बाजूला आहेत. किती राहिल्या हे तिला विचारलं नाही, तीच जुडी सोडायला सूत शोधत होती.